होंडा गोल्ड विंग टूर: वेगात नव्हे, चालीच्या गतीत पारखून घ्या

गोल्ड विंग टूर ही होंडाची लांब प्रवासासाठीची अवजड मोटरसायकल. या गाडीची परीक्षा मोकळ्या हमरस्त्यावर घेण्यात अर्थ नाही, तिथे ती नापास होतच नाही. समोरासमोर आडवे झोपवलेले तीन-तीन सिलिंडर, १८३३ सीसी, ४५०० आरपीएमलाच १७० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ), मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, आणि बटणाने वरखाली होणारी समोरची काच. अर्ध्या तासाच्या टेस्ट राइडमध्ये कुणीही भाळेल. खरा पेपर वेगळाच असतो. मागे माणूस बसलाय, डिक्क्या भरल्यात, गाडी उतारावर तोंड खाली करून उभी आहे आणि ती मागे घ्यायचीय.

टाकी भरल्यावर टूरचं वजन मॉडेलनुसार ३८० ते ३९० किलोच्या आसपास जातं. सीटची उंची ७४५ मिमी. आकडा ठेंगणा वाटतो, पण सीट रुंद असल्याने पाय फाकतात आणि आखूड पायांच्या माणसाचे तळवे जेमतेम टेकतात. म्हणून शोरूममध्ये नुसतं बसून पाहू नका, रायडिंग बूट घालून बसा. वजन खाली असल्यामुळे गाडी सरळ आहे तोवर हलकी वाटते. तीच थोडी जास्त कलली की कितीही दणकट माणूस असो, तिला धरून ठेवू शकत नाही. बहुतेक गोल्ड विंग अशाच पडतात: यू-टर्न, हँडल शेवटपर्यंत वळलेलं आणि घाबरून दाबलेला पुढचा ब्रेक. अशा वळणात उजव्या हाताची बोटं लिव्हरवरून काढून घ्यायची, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा आणि मागचा ब्रेक हलकासा दाबून वेग आवरायचा.

इथेच सहा गिअरचं मॅन्युअल घ्यायचं की सात गिअरचं डीसीटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, हा प्रश्न येतो. डीसीटीला क्लच लिव्हर नाही. अगदी सावकाश वळताना अर्धा क्लच दाबून गाडी खेळवायची सवय असेल, तर पहिले काही दिवस हात रिकामा रिकामा वाटतो. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की बारीकसा झटकाही बसतो. वर सांगितलेली मागच्या ब्रेकची युक्ती त्यावरही चालते. तरीही आमची पसंती डीसीटीलाच, आणि त्याचं मुख्य कारण वॉकिंग मोड. बटण दाबलं की गाडी ताशी सुमारे १.२ किमीने पुढे किंवा मागे सरकते, बटण सोडलं की थांबते. मॅन्युअललाही इलेक्ट्रिक रिव्हर्स आहे, पण पुढे-मागे दोन्हीकडे इंचाइंचाने हलण्याची सोय डीसीटीतच. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. इंजिन बंद केलं की डीसीटी न्यूट्रलला जातं, त्यामुळे गिअरमध्ये टाकून उभी करण्याची सोय उरत नाही. उतारावर पार्किंग ब्रेक लावायलाच हवा, नाहीतर गाडी स्टँडवरून पुढे सरकेल.

आडवी झालीच तर आधी इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करा, कंबर सीटला टेकवा आणि लहान लहान पावलं मागे टाकत पायांच्या जोरावर उठवा. कमरेत वाकून उचलायला गेलात तर गाडी तिथेच राहील, कंबर मात्र जाईल.

२०१८ च्या नव्या रचनेत सगळ्यात मोठा बदल पुढच्या चाकाचा. नेहमीचा फोर्क जाऊन मोटारीसारखं डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आडव्या भुजांनी धरणारं सस्पेन्शन आलं. फोर्कमध्ये धक्का झेलणं आणि चाक वळवणं ही दोन्ही कामं एकाच नळीच्या जोडीवर असतात. इथे ती वेगळी केली आहेत आणि हँडल दोन दांड्यांनी चाकाला जोडलंय. चाक जवळपास सरळ वरखाली होत असल्यामुळे इंजिन पुढे सरकवता आलं आणि चालकालाही पुढे बसवता आलं. ब्रेक दाबल्यावर नाक कमी खुपसतं. सीटवर बसून खाली पाहिलंत तर खडबडीत रस्त्यावर त्या दांड्या थरथरताना दिसतात आणि हातातलं हँडल मात्र शांत असतं. पाहायला खरंच मजा येते. पण सस्पेन्शनला वरखाली व्हायला पुढे ११० आणि मागे १०५ मिमीच जागा आहे. खोल खड्डा आला की सगळी शाही मिजास एका दणक्यात उतरते. मागच्या स्प्रिंगचा ताण टूरमध्ये बटणाने बदलतो: एकटा, एकटा आणि सामान, दोघं, दोघं आणि सामान. हे निवडायला लोक सर्रास विसरतात. दोघं आणि सामान असताना पहिल्याच खुणेवर ठेवलं तर मागचा भाग बसतो, गाडी वळायला जड होते आणि समोरच्या वाहनांच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत जातो.

सामानाच्या बाबतीत मात्र कुरकुर करायला जागा आहे. २०१८ च्या आधीच्या गोल्ड विंग १८०० मध्ये १५० लिटरच्या आसपास जागा होती. २०१८ मध्ये ती ११० वर आली, ओरड झाली आणि २०२१ मध्ये वरची डिकी ५० वरून ६१ लिटर झाली. आता एकूण १२१. बाजूच्या डिक्क्या सुमारे ३० लिटरच्या, वर आतून वेड्यावाकड्या आकाराच्या. कडक बॅग बसत नाही, मऊ कापडी पिशव्याच घ्या. जड वस्तू बाजूला खाली, हलक्या वर. वरची डिकी मागच्या चाकाच्याही मागे लटकते. तिथे अवजारं आणि पाण्याच्या बाटल्या कोंबल्या की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल वळवळायला लागतं. प्रत्येक डिकीची वजनमर्यादा असते, ती आधी वाचा.

टाकी २१ लिटरची, आधी २५ ची होती. होंडाच्या आकड्यांप्रमाणे लिटरला साधारण १८ किमी मिळतात. काच वर, डिक्क्या भरलेल्या आणि वेग जास्त असेल तर ३०० किमीनंतर पंप शोधायला लागा. सलग मोठी अंतरं मारणाऱ्याला बीएमडब्ल्यू के १६०० जीटीएलची २६.५ लिटरची टाकी मोहात पाडेल. तिचं १६४९ सीसी इंजिन १६० हॉर्सपॉवरचं आहे, गोल्ड विंगचं १२६ च्या घरात. ज्याला गाडी दामटायची आहे त्याने ती जरूर बघावी. मागे बसणाऱ्याचं मत विचारलंत तर कौल गोल्ड विंगला जाईल. डिकीला टेकलेली पाठ आणि जवळपास न जाणवणारी इंजिनाची थरथर, आठ तासांनंतर याची किंमत कळते. उलट कायम एकट्यानेच फिरणाऱ्याने एवढं ओझं का ओढावं, हे आम्हाला समजलेलं नाही.

आयफोनवरचे नकाशे, गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारं ॲपल कारप्ले आहे, पण ब्लूटूथ हेडसेट जोडल्याशिवाय ते सुरूच होत नाही. चांगले स्पीकर बसवलेल्या गाडीत ही अट चीड आणते. २०२५ च्या आधीच्या गाड्यांमध्ये फोनला केबलही लागते.

देखभाल कमी आहे, पण शून्य नाही. टायरमध्ये थंड असताना पुढे ३६, मागे ४१ पीएसआय. पुढची हवा कमी ठेवून फिरलात तर टायर खवल्याखवल्यांनी झिजतो आणि वळताना गुरगुर ऐकू येते. मग हवा भरूनही तो आवाज जात नाही, टायरच बदलावा लागतो. मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं असल्यामुळे मोटारीच्या चाकासारखं निघतं, पण त्यासाठी गाडी बरीच उंच उचलावी लागते, तेव्हा टायरवाल्याकडे तशी लिफ्ट आहे का ते आधी विचारा. डीसीटीला इंजिनाखेरीज स्वतःचा वेगळा तेल फिल्टर असतो. सर्व्हिसच्या बिलावर तो दिसतो का ते बघा, कारण नेमका तोच राहून जातो. शाफ्टच्या शेवटच्या गिअरपेटीतलं तेलही असंच विसरलं जातं.

वापरलेली घेत असाल तर चकाकी बघू नका. टॉर्च घ्या, जमिनीवर बसा आणि दोन्ही बाजूंच्या सिलिंडर कव्हरची खालची कड, फूटपेगची टोकं आणि बाजूच्या डिक्क्यांचे तळ तपासा. फूटपेगचं टोक घासलेलं असेल तर मालक वळणांवर गाडी झुकवून चालवणारा होता. कव्हर आणि डिकी एकाच बाजूला, एकाच उंचीवर खरवडलेली असतील तर ती उभ्या उभ्या पडलेली आहे. मग त्या बाजूचा आरसा, डिकीचं झाकण आणि बिजागऱ्या उघडून बघितल्याशिवाय भाव बोलू नका.