बस खरी होती, पास खोटे निघाले

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातून पुण्या-मुंबईच्या मोठ्या शोला जाणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. ‘बसचं जाऊन-येऊन भाडं आणि शोचा पास, सगळं एकाच पैशात’ असं कुणी विकत असेल, तर पैसे पाठवण्याआधी एवढं वाचा.

गाण्यासाठी रात्रीचा प्रवास करणं आपल्याकडं नवं नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. त्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी पुण्यात १९५३ साली महोत्सव सुरू केला, आणि इथली कितीतरी माणसं लाल गाडीनं त्याला जात आली आहेत. मीही जाते. महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो, ते स्वारगेटपासून जवळच आहे. गाणं संपलं की स्वारगेटला यायचं, रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी आपल्या घरी. लॉजचा खर्च वाचतो. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तर प्रवास फुकट. ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत त्यालाही मोठं गाणं समोर बसून ऐकता यावं, यासाठी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही. म्हणूनच या सोयीच्या नावाखाली पोरांना लुटलं, याचा मला इतका संताप आहे.

माझ्या भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना पुण्यात मोकळ्या मैदानावर होणाऱ्या एका शोला जायचं होतं. मोठी माणूस बरोबर हवी म्हणून मी निघाले. कॉलेजच्या ग्रुपवर जाहिरात फिरत होती: सांगली-पुणे-सांगली एसी बस, पासासह माणशी अडीच हजार. विकणारा विश्रामबागेत प्रत्यक्ष भेटला, छापील पावती दिली, गाडीचा नंबरही दिला. गाड्यांची माहिती देणाऱ्या सरकारी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहिला, तर फिटनेस, विमा, परमिट सगळं चालू. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी पुष्पराज चौकात गाडी उभी होती. स्वच्छ गाडी, पाण्याच्या बाटल्या, सीटवर नावांच्या चिठ्ठ्या. गाडीत सगळी पोरंपोरीच होती, कुणी शिकवण्या घेऊन पैसे साठवलेले, कुणी शिष्यवृत्तीतले काढलेले.

पूर्ण भरलेली गाडी दारात येते तेव्हा पासावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. फसवणाऱ्यानं गाडीवर खर्च केला होता तो त्यासाठीच.

पास हातात दिले नव्हते. ‘आधी दिले तर फोटो फिरतात, टोलनाका ओलांडल्यावर मोबाईलवर पाठवतो,’ असं सांगितलं होतं. साताऱ्याला बाँबे रेस्टॉरंट चौकात तो उतरला. साताऱ्याची पोरं दुसऱ्या गाडीत आहेत, त्यांना घेऊन मागून येतो म्हणाला. खेड शिवापूरच्या पुढं सगळ्यांच्या मोबाईलवर पीडीएफ आल्या. नाव ज्याचं त्याचं, कार्यक्रमाचं चित्र, खाली क्यूआर कोड. पोरींनी गाणी म्हणायला सुरुवात केली.

गेटवर पहिल्या मुलाचा कोड स्कॅन झाला आणि तो आत गेला. दुसऱ्याला मशीननं लाल दाखवलं: कोड आधीच वापरलेला. तिसऱ्यालाही तेच. एका बाजूला उभं राहून आम्ही मोबाईल शेजारी शेजारी धरले, तेव्हा सगळ्यांच्या पीडीएफवर तोच एक कोड दिसला. एक खरं तिकीट विकत घ्यायचं आणि वर वेगवेगळी नावं टाकून अख्ख्या गाडीला वाटायचं, असा हा धंदा. त्याचा फोन बंद. ड्रायव्हरकडं धावलो, तर तो म्हणाला, ‘ताई, माझं भाडं नुसतं सोडायचं ठरलंय. परतीचं मला कुणी बोललंच नाही.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याही भाड्यातले निम्मे पैसे यायचे राहिले होते.

भाची रडत म्हणाली, ‘मावशी, आईला काय सांगू?’ मी म्हटलं, काही लपवायचं नाही, चोरी तू केलेली नाहीस. आतून गाणं ऐकू येत होतं. त्या मुलींना घेऊन मी स्वारगेट गाठलं आणि एसटीनं परत आणलं.

स्टँडवर गाडीची वाट बघतानाच १९३० ला फोन लावला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी हा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढं सरकायच्या आत खात्यात अडकण्याची शक्यता जास्त, म्हणून घरी पोचायची वाट बघू नका. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. पोलीस ठाणं पुण्यातलं की सांगलीतलं, या घोळात अडकायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते. फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे.

खुणा आता पोरांना सांगत सुटले आहे, इथंही सांगते. आगाऊ रक्कम एका नावावर गेली होती, उरलेली दुसऱ्याच नावावर, आणि भेटलेला माणूस तिसऱ्याच नावाचा. पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर जे नाव दिसतं ते पावतीवरच्या नावाशी जुळवा. दुसरी खूण वेळेची. शो दीडपर्यंत चालेल, गाडी दोनला निघेल, असं तो सांगत होता. मोकळ्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस ती सवलत देतं, तीसुद्धा बारापर्यंतच. तिकीट स्वतःच्या मोबाईल नंबरवर, विक्रेत्याच्या अधिकृत ॲपवरूनच घ्यायचं. दुसऱ्याकडून घ्यावंच लागलं तर त्यानं ॲपमधूनच तुमच्या खात्यावर वळतं करायला हवं. स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ हजार जणांना पाठवता येते, गेट मात्र एकालाच उघडतं.

आणि गाडी वेगळी करा. पास विकणारा आणि गाडी देणारा एकच माणूस असेल तर मी आता कुणालाही जाऊ देणार नाही. दोघंचौघं असाल तर एसटीचं आरक्षण करा. गाडीभर मंडळी असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी एसटी घ्या. लग्नाला, सहलीला घेतात तशी ती शोलाही मिळते, परतीचं सगळं कागदावर येतं आणि पावती महामंडळाची असते. खासगीच हवी असेल तर एवढं ध्यानात ठेवा की एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायला २०१८ पासून मनाई आहे. जास्त मागितलं तर आरटीओकडं तक्रार करता येते.

आमच्यातल्या काहींची रक्कम एका खात्यात अडकवून ठेवली आहे, अजून परत आलेली नाही. ज्यांनी तक्रार दिली नाही त्यांच्या पैशाचा मागच कुणी काढत नाहीये. त्या दिवशी पुष्पराज चौकातून आमच्याबरोबर गाडीत बसलेल्या पोरांनी, आणि साताऱ्याहून निघणाऱ्या दुसऱ्या गाडीचे पैसे भरलेल्यांनीही, आपापली तक्रार स्वतंत्र नोंदवा. घरी सांगायची भीती वाटत असेल तर आईला नाहीतर मावशीला बरोबर घेऊन जा. पीडीएफ, चॅट आणि पावती मोबाईलमधून काढून टाकू नका, पोलीस तेच आधी मागतात.