‘ऑरगॅनिक’ गोगलगाय औषध घेऊन फसलो, तुम्ही पुडा उलटा करून बघा

पाऊस लागला की आमच्याकडं गोगलगायी निघतात, आता परत तोच सीझन आलाय म्हणून लिहितोय. कराड तालुक्यात आमचं तीन एकर सोयाबीन आहे, कॅनॉलच्या कडेचं रान, ओल कायम. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी सोयाबीन दोन पानांवर आलं आणि सकाळी बघतो तर बांधाकडचे पाच-सहा तास (पिकाच्या ओळी) मोकळे, नुसते देठ उभे. शंखी गोगलगाय. २०२२ ला लातूर-बीडकडं हिनं सोयाबीन खाल्लं तेव्हा पेपरात वाचून आम्ही म्हटलं होतं आपल्याकडं काय एवढी नाही. कोयत्याच्या पात्यानं बांधाचं गवत बाजूला केलं तर एका जागी पंचवीस-तीस चिकटलेल्या.

त्याच आठवड्यात एक पोरगं गाडीवर आलं, मागं दोन पोती बांधलेली, शर्टावर कंपनीचा बिल्ला, बोलणं एकदम गोड. म्हणाला दादा, दुकानातलं केमिकल वापरू नका, कुत्रं-मांजर मरतं, आमचं शंभर टक्के ऑरगॅनिक, पोरानं खाल्लं तरी काय होत नाही. मग आमच्याच बांधावरची गोगलगाय उचलून फरशीच्या तुकड्यावर ठेवली आणि छोट्या डबीतली पांढरी पूड चिमूटभर टाकली. दोन मिनिटांत गोगलगाय फेसाळली, तिचं पाणी पाणी झालं. तात्या म्हणाले घे, आणि मीपण घेतलं, बारा किलो, ३२० रुपयांनी ३८४० झाले. बिल मागितलं तर म्हणाला बिलबुक संपलंय, व्हॉट्सॲपवर टाकतो. पैसे गुगल पे केले तर समोर कुठल्यातरी बाईचं नाव आलं, तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

पूड डबीतली आणि विकलेल्या गोळ्या निळ्या, हे मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं. पुढं एकदा घरातलं मीठ गोगलगायीवर टाकून बघितलं, अगदी तसाच फेस आला. डेमो मिठाचा होता, माल दुसराच. खऱ्या गोळ्यांनी गोगलगाय अशी दोन मिनिटांत मरतच नाही, ती खाते, अंगातला चिकट द्रव सोडत राहते आणि वाळून जाते, त्याला वेळ लागतो. म्हणजे जिथं दोन मिनिटांत मरून दाखवतील तिथंच सावध व्हा.

गोळ्या टाकल्या त्याच रात्री सडकून पाऊस झाला आणि सकाळी सरीत नुसता निळसर चिखल, गोगलगायी वर चढून मजेत खात होत्या. पिकाचं नुकसान एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

चार दिवसांनी आमच्या काळूनं शेडमधला उरलेला पुडा फोडला. ‘पोरानं खाल्लं तरी काय होत नाही’ म्हणून तो खाली जमिनीवरच ठेवला होता, चूक माझी. रात्री साडेदहाला कुत्रं थरथरायला लागलं, पाय ताठ, डोळे फिरलेले, अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, आई मागं ताक घेऊन उभी. डॉक्टर म्हणाले झटके येतायत तोवर तोंडात काही घालू नका, आणि पुड्यावर औषधाचं नाव काय लिहिलंय ते वाच.

मी मोबाईलचा टॉर्च मारून पुडा पुढून-मागून वाचला. एक हिरवं पान, ‘गोगलगायीपासून मुक्ती’, ‘१००% नैसर्गिक’, आणि खाली ‘उत्पादक’ असं लिहून पुढं कोरी जागा. बस. डॉक्टर फोनवर थांबलेले आणि मला सांगायला काही नाही. तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही.

डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, सलाईन लावलं, ओली पोती टाकून अंग गार केलं. काळू वाचला, पण दोन दिवस उठला नाही. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं की मेटाल्डिहाईड (गोगलगायी मारायच्या गोळ्यांतलं विष) असेल तर त्याला खास असा उतारा नसतो, झटके आवरायचे आणि ताप उतरवायचा, पण काय आहे ते कळलं तर निदान अंधारात चाचपडायला लागत नाही. आमच्या पुड्यात काय होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

गावातल्या दुकानदारानं मग खरा पुडा दाखवला. मेटाल्डिहाईड २.५ टक्के असं स्पष्ट लिहिलेलं, रजिस्ट्रेशन नंबर, बॅच नंबर, तयार केल्याची आणि संपायची तारीख, विषबाधा झाली तर काय करायचं ते, आणि तो चौकोन ज्यात रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्यात नोंदणी नसलेलं औषध विकताच येत नाही, आणि ऑरगॅनिक म्हणून सूट नाही, कडुलिंबाच्या औषधालासुद्धा नोंदणी लागते. खरं औषध म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका, पक्षी-प्राण्यांना धोका म्हणून ब्रिटननं २०२२ च्या मार्चअखेर ते उघड्यावर वापरायचं बंद केलं. आपल्याकडं चालतं, एकरी दोन किलो, पण ढीग करून टाकू नका, कोंबड्या-कुत्री सोडलेली असतील तर अजिबात नाही. आम्ही यंदा गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकतो आणि पहाटे हातमोजे घालून खाली लपलेल्या वेचतो. हातमोजे विसरू नका, गोगलगायीतून माणसाला जंत होतात.

तक्रार द्यायला तालुक्याला गेलो तर पहिला प्रश्न बिल कुठंय. बिल नाही, दुकान नाही, पुडा फोडलेला. त्या पोराचा नंबर तर काळू आजारी पडला त्या रात्रीपासूनच स्विच ऑफ. साहेब चांगले होते पण म्हणाले माल सीलबंद मिळाला असता तर सॅम्पल घेतलं असतं.

उरलेल्या साडेतीन किलो गोळ्या पत्र्याच्या डब्यात घालून कुलूप लावून माळ्यावर ठेवल्यात. ओढ्यात टाकवत नाही, जमिनीत पुरवत नाही, जाळायची भीती वाटते. डब्यावर खडूनं ‘विष’ लिहिलंय, कारण दुसरं नावच माहीत नाही.