स्किनकेअर विकायचंय: कंपनीची आयडी घ्यावी की घरातच माल मांडावा?

मुद्दा सुरुवातीलाच सांगते. डायरेक्ट सेलिंग कंपनीची, म्हणजे दुकानाऐवजी ओळखीपाळखीतून माल विकणाऱ्या कंपनीची, आयडी घेऊन (तिच्याकडे विक्रेती म्हणून नाव नोंदवून) क्रीम, फेसवॉश, सिरम विकण्यात पैसे आहेत, पण थोडे आहेत. तेही एकाच गोष्टीवर ठरतात: तुमच्या टीममध्ये (तुम्ही त्याच कंपनीत जोडलेल्या बायकांत) नसलेली बाई तीच डबी दुसऱ्यांदा स्वतःहून मागते का? टीम, लेव्हल, रँक, परदेशी सहल हे सगळं बाजूला ठेवून हिशोब जमत असेल तर आयडी घ्या. जमत नसेल तर तेवढ्याच मेहनतीत पुढच्या खोलीत होलसेलचा माल मांडणं जास्त पदरात टाकतं.

मी भुसावळला पार्लर चालवते. दोन्ही प्रकारचा माल माझ्या कपाटात येऊन गेला आहे आणि दोन्ही प्रकारे विकणाऱ्या बायका खुर्चीत बसून मोकळेपणाने बोलतात. हे लिहिते आहे ते जिच्यासमोर अपलाइन, म्हणजे तिला कंपनीत जोडू पाहणारी बाई, फॉर्म घेऊन बसली आहे आणि ‘ताई, आजच ठरव, ऑफर संपतेय’ म्हणते आहे तिच्यासाठी. मग ती अमळनेरची असो, शहाद्याची असो, की जळगावात नुकतीच सून म्हणून आलेली असो.

घालायचे पैसे

इथे आयडीची बाजू सरळ वरचढ आहे. ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम २८ डिसेंबर २०२१ ला आले. त्यानुसार कंपनीला तुमच्याकडून प्रवेश फी घेता येत नाही, लेखी करार करावा लागतो आणि त्यात कूलिंग-ऑफ मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. ती किती दिवसांची आहे हे तुमच्या करारात लिहिलेलं असतं. ‘जॉइनिंगचे पाच हजार’ कोणी मागितले, किंवा ‘फी नाही, पण किट घ्यावंच लागेल’ असं म्हटलं, तर तिथूनच उठा.

घरगुती दुकानाला भांडवल लागतं. वीस-पंचवीस हजारांच्या मालाशिवाय फळी भरलेली दिसत नाही, आणि बाई रिकामी फळी बघून परत येत नाही. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण ते कर्जच आहे, हप्ता आषाढातही भरावा लागतो. सौंदर्यप्रसाधनं नुसती विकायला औषध दुकानासारखा विक्री परवाना लागत नाही, ही मात्र मोठी सोय आहे.

एका डबीमागे हातात काय उरतं

समजा, कंपनीची क्रीम ६०० रुपयांची आहे आणि तुम्हाला २० टक्के सुटतात, म्हणजे १२० रुपये. नियमित घेणाऱ्या पंचवीस बायका आहेत, डबी दोन महिने पुरते, म्हणजे महिन्याला बारा-तेरा डब्या. झाले साधारण पंधराशे. यातून ‘पन्नास तरी कमी कर गं’ म्हणणाऱ्या जावा-नणंदा वजा करा. अमळनेरहून पारोळ्याला एक डबी पोहोचवायचं पेट्रोल वजा करा. दाखवायला फोडलेली डबी वजा करा. आणि त्या महिन्यात आयडी ‘ॲक्टिव्ह’ (चालू) राहावी म्हणून स्वतःच घेतलेला माल वजा करा, कारण अपलाइनच्या हिशोबात तो ‘सेल’ म्हणून दिसतो, तुमच्या घरात मात्र तो खर्च असतो. शेवटी जे राहतं ते तुमचं उत्पन्न.

होलसेलच्या मालात ओळखीच्या ब्रँडवर मार्जिन यापेक्षा कमी सुटतं. पण गिऱ्हाईक बोलवावं लागत नाही. टीव्हीवर बघितलेली पावडर, फेसवॉशचं सॅशे, मेंदीचे कोन, टिकल्या, रबर हे सगळं ती एकाच फेरीत नेते. समजा सरासरी १२ टक्के धरले आणि महिन्याला २५ हजारांची विक्री झाली, तर तीन हजार. त्यासाठी रोज दुपारी दार उघडं ठेवून बसावं लागतं, ही त्याची किंमत.

हे दोन्ही आकडे मी उदाहरणाला घेतलेत. तुमचे वेगळे येतील. पण मांडणी अशीच करा, आणि फॉर्म भरण्याआधी करा.

कमिशन वाढलं तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापला जातो (१ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ वरून २ टक्क्यांवर आला), म्हणून पॅन कार्ड आधीच नीट द्यावं.

कंपनीचा महिना आणि आपलं वर्ष

मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही ते हे, आणि माझ्या मते खान्देशातल्या बाईसाठी निर्णय इथेच होतो. कंपनीचे पॉइंट (तुमच्या आयडीवर उचललेल्या मालाचे गुण) महिन्यामहिन्याने मोजले जातात. आपल्याकडे पैसा तसा येत नाही. कापूस विकला की दिवाळीच्या आगेमागे हातात रोकड येते. रावेर-यावलकडे केळीचा घड कटला की येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या आठवड्यात आणि पुढच्या लग्नसराईत फेशियल किटपासून लिपस्टिकपर्यंत सगळं उठतं. श्रावणात कानबाईच्या सणाच्या आसपास पुन्हा थोडी हालचाल होते. पण पेरणीच्या दिवसांत बियाणं आणि खत यांच्यापुढे सिरमची बाटली कोण बघणार?

कंपनीला मात्र आषाढातही तेवढेच पॉइंट लागतात. मग बाई स्वतःच्या पैशाने माल उचलते. लेव्हल टिकते, पण कपाट भरत जातं, आणि डब्यांची मुदत संपत येते. दुकानवाली त्या महिन्यात माल भरतच नाही. तिचं नुकसान कमी विक्रीचं, एवढंच. ही सवड आयडीत नाही.

दुसरी गोष्ट उधारीची. ‘लिखी ठेव वं माय, दिवाळीले देसू’ असं शेजारीण म्हणते तेव्हा तिच्या मनात खोट नसते. ती देतेही. पण कंपनीला तुम्ही पैसे आधी भरलेले असतात. सहाशेची डबी उधार गेली तर पुढच्या पाच डब्यांचा नफा तिच्यात अडकला. तीस रुपयांची मेंदी उधार गेली तर झोप उडत नाही. शिवाय दुकानवाली ‘आधीचे दे मग नवं ने’ म्हणू शकते, ते दुकानात शोभतं. भावजयीच्या ओट्यावर बसून क्रीम विकल्यावर तेच वाक्य तोंडातून निघत नाही. भाऊबंदकीत पैशावरून एकदा तोंड फिरलं की लग्नाच्या पंगतीतही दिसतं.

टीमचं गणित

अपलाइन वहीवर गोल काढून दाखवते: तू सहा जणी आण, त्या प्रत्येकी सहा आणतील. सहाच्या छत्तीस, छत्तीसच्या २१६, पाचव्या पायरीला ७,७७६. नवव्या पायरीला हा आकडा एक कोटीच्या वर जातो. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून लोकसंख्या सुमारे ७९ लाख होती, पाळण्यातली मुलं आणि म्हातारे धरून. म्हणजे नववी पायरी भरण्याआधीच माणसं संपतात, आणि त्या वेळी सगळ्यात खालच्या पायरीवर असलेल्या बाईच्या खाली कोणी नसतं. चोपड्यासारख्या गावात तर हे फार लवकर होतं, कारण तुमच्या सहा जणी आणि जावेच्या सहा जणी बहुतेक त्याच असतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांची स्वतःची उत्पन्नपत्रकं तपासून सांगितलं की बहुतेक सहभागींची कमाई वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती. त्यातही त्यांचा खर्च धरलेला नव्हता. तिथला बाजार वेगळा आहे, पण कमिशनची रचना तीच आहे.

माल विकून मिळणारं कमिशन कायदेशीर आहे. माणसं जोडण्याबद्दल पैसे मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना ठरते. २०२१ च्या नियमांनी ती स्पष्टपणे बंद केली आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून आहे. मोठं नाव असलं म्हणजे चौकशी होत नाही असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ॲमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली होती. जुनं नाव म्हणजे कायमचं नाव असंही नाही. घरोघरी सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या, १८८६ साली सुरू झालेल्या एव्हॉनच्या अमेरिकी कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

माल खरा का, आणि उन्हाचं काय

इथे कंपनीच्या बाजूने बोलायलाच हवं. खुल्या बाजारात नावाजलेल्या क्रीमची नक्कल फिरते, आठवडे बाजारात तर डोळ्यांदेखत. कंपनीच्या गोदामातून थेट आलेल्या डबीची ती भीती नसते. शिवाय त्वचेची वस्तू हातावर लावून, वास देऊन, चार दिवस वापरायला देऊन विकली जाते. हे काम डायरेक्ट सेलिंगमध्ये शिकवतात आणि चांगलं शिकवतात. घराबाहेर चार शब्द न बोललेल्या मुली सहा-आठ महिन्यांत वीस बायकांसमोर उभ्या राहून बोलताना मी पाहिल्या आहेत. ही कमाई पैशात मोजता येत नाही, पण ती खरी आहे.

होलसेलचा माल घेताना मात्र स्वतः डोळे उघडे ठेवावे लागतात: उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, तारीख, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, घटकांची यादी. आयात माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक. यातलं काही नसलेली ‘पाकिस्तानी गोरेपणाची क्रीम’ कितीही मार्जिन देत असली तरी दुकानात ठेवू नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड सापडलेलं आहे, आणि त्याने चेहरा बिघडलेल्या मुली आमच्याच खुर्चीत येऊन रडतात.

ऊन दोन्हीकडे सारखंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत आणखी वर. क्रीम सुटते, सनस्क्रीनला पाणी येतं, व्हिटॅमिन सीचं सिरम पिवळं-तपकिरी पडतं. म्हणून एप्रिल ते जून कमी माल ठेवा. कोणी याच दिवसांत ‘मोठी ऑर्डर टाक, पॉइंट डबल’ म्हणत असेल तर तो माल कुठे ठेवायचा हे तिलाच विचारा.

तोंडून काय निघतं

वांग जाईल, डाग मुळापासून जातील, कोडही भरून येईल, असं मीटिंगमध्ये ऐकलेलं वाक्य गिऱ्हाइकासमोर म्हणू नका. कोडासारख्या आजारावर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि क्रीम सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली जाते, औषध म्हणून नाही. दुकानवालीला हा मोह कमी होतो, कारण तिला सहाशेची किंमत पटवायची नसते. आयडीवालीला ती पटवावी लागते, आणि तिथेच जीभ घसरते. कानामागे किंवा कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबायला सांगा. खाज आली तर डबी परत घ्या. एवढ्याने जे नाव होतं ते कुठल्याही रँकने होत नाही.

घरी जाताना आधी विचारणं आणि ओळखपत्र जवळ ठेवणं हेही नियमात आहे. आपल्याकडे हसतील, पण करा.

घरीच उटणं, साबण, क्रीम बनवून विकायचा तिसरा विचार बचत गटांत बराच होतो. त्याला अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना लागतो आणि स्वयंपाकघरात तो मिळत नाही. गटाने मिळून जागा, यंत्रं, तपासणी यांचा खर्च उचलायचा असेल तरच त्या वाटेला जावं.

कोणी काय निवडावं

नवरा शिक्षक किंवा रेल्वेत आहे, बदली होते, दुकान थाटता येत नाही, पण नोकरदार बायकांत ओळख आहे: अशा बाईला आयडी शोभते. तिच्या गिऱ्हाइकांचा पगार दरमहा येतो, कंपनीचा महिना आणि त्यांचा महिना जुळतो, आणि बदली झाली तरी आयडी सोबत जाते. पार्लरवालीलाही, पण एकाच कंपनीला बांधून न घेता, दोन-तीन चालणाऱ्या वस्तूंपुरती.

ज्या गावात सगळ्यांचा पैसा शेतीवर आहे आणि गिऱ्हाइकं म्हणजे आपलीच भाऊबंद, तिथे मी ठामपणे दुकान म्हणेन. कंपनीची एखादी वस्तू खरंच आवडली असेल तर ती तुम्ही स्वतः गिऱ्हाईक म्हणून घ्या.

आणि आयडी घेऊन झाली असेल, कपाटात डब्या साठल्या असतील, तर आधी करार काढून माल परत घेण्याची अट वाचा. तारीख शिल्लक असलेला, न फोडलेला माल वेगळा करा, बिलं जोडा आणि परतीचा अर्ज लेखी द्या, अपलाइनच्या व्हॉट्सॲपवर नको, थेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर. त्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तोवर नवी ऑर्डर टाकू नका, कोणीही लेव्हल जाईल म्हणालं तरी.