अकरा महिने वापरलेला स्टेथो : बेलचं पटलं, ट्यूबचं भांडण चालूच

डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोस्टिंग (वॉर्डात शिकायच्या पाळ्या) लागल्या तेव्हा अंबाजोगाईला असताना हा स्टेथोस्कोप घेतला. दोन तोंडांचा, एकीकडे डायफ्रॅम, म्हणजे वरचे सूर ऐकायचा ताणलेला पडदा, दुसरीकडे बेल, म्हणजे खालचे सूर ऐकायची छोटी वाटी. साडेआठ हजार गेले, म्हणजे घरचं दोन क्विंटल सोयाबीन. म्हणून ट्यूबबद्दल एवढं लिहितोय.

मे महिन्यात ट्यूब कडक व्हायला लागली. आता खिशातून काढली तरी घडी तशीच राहते आणि ट्यूबला दोन फाटे फुटतात त्या वाय जोडाजवळ बारीक चिरा पडल्यात. विकताना दुकानदार तोंडाने "दोन वर्षं वॉरंटी" म्हणाला होता, बिलावर अक्षर नाही. तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळा एकच उत्तर : "वापरातली झीज आहे." मानेचा घाम आणि तेल लागून पीव्हीसी आखडतं, हे विकतानाच सांगायला काय जात होतं? उघड्या मानेवर घालू नका, अप्रनच्या कॉलरवरून घाला. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

"बेलमधून काही ऐकूच येत नाही" अशीही तक्रार मी केली होती. ती मागे घेतो.

मेडिसिनच्या वॉर्डात तिशीतल्या एक ताई होत्या. जिना चढला की दम लागायचा. लहानपणी घसा धरायचा, मग सांधे सुजायचे, असं त्यांनीच सांगितलं. मी बेल दाबून धरली, काहीच नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी माझं मनगट सैल केलं. "दाबलीस की खालची कातडी ताणून तिचाच डायफ्रॅम होतो, खालचे सूर जातात. नुसती टेकव." ताईंना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं, डोक्यावरचा पंखा बंद केला. पहिला ठोका ठणठणीत, आणि दुसऱ्यानंतर लांब शिवारातून जाणाऱ्या ट्रॅक्टरसारखी घरघर. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली, बहुतेक वेळा लहानपणच्या अशाच घसा-सांध्यांच्या आजारामुळे. पुस्तकातली ती ओळ चार वेळा वाचली होती, कानावर पहिल्यांदा पडली. एवढ्यासाठी दोन तोंडांचाच घ्या, एकतोंडी स्वस्तातला घेऊन हे हाती लागणं अवघड.

डायफ्रॅम उत्तम. बीपीला, श्वासाच्या आवाजाला कधी दगा नाही. छातीवर केस असतील तर घासून क्रेप्ससारखं (फुप्फुसातल्या बिघाडाच्या चरचरीसारखं) वाजतं, तिथे केस पाण्याने ओले करून घ्यावेत. इअरपीस नाकाच्या दिशेने, हेही सुरुवातीला कुणी सांगत नाही.

ट्यूब बदलून मिळते, पण दुकानदार "अख्खा नवाच घ्या" म्हणतो. शनिवारी चौथी चकर आहे, बिल सोबत घेऊन जातोय.