क्यूएमू + जीडीबीवर कर्नल डीबगिंग: काही महिन्यांनंतर, थोडं चिडून

पैसे मोजून घेतलेल्या व्हीएम सॉफ्टवेअरचं लायसन्स संपत आलं होतं आणि त्यांचे सपोर्टवाले प्रत्येक तक्रारीवर 'पुन्हा इन्स्टॉल करून बघा' एवढंच सांगत होते. मी लायसन्स संपू दिलं आणि क्यूएमू (मशीनच्या आत दुसरं मशीन, म्हणजे व्हीएम, उभं करणारा), केव्हीएम (त्याला खऱ्या सीपीयूचा वेग देणारा लिनक्सचा भाग) आणि जीडीबी (कोड थांबवून ओळीओळीने बघायचा डीबगर) या फुकटच्या त्रिकुटावर आलो. लिनक्सच्या एका ड्रायव्हरचं काम तेव्हापासून यावरच चाललंय.

जोडणी बहुतेकांना माहीत असेलच: क्यूएमू सुरू करताना स्मॉल एस हा पर्याय दिला की जीडीबीसाठी १२३४ पोर्ट उघडतो, कॅपिटल एस दिला की सीपीयू सुरुवातीलाच थांबून राहतो. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कमांडलाइनवर 'नोकेएएसएलआर' हवंच. नाहीतर कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर बसतो, सिम्बॉल (फंक्शनांची नावं आणि त्यांचे पत्ते) जुळत नाहीत आणि ब्रेकपॉइंट, म्हणजे कोडमधल्या थांबायच्या खुणा, नुसते शोभेला उरतात. केव्हीएमखाली बूटच्या अगदी सुरुवातीला थांबायचं तर 'एचब्रेक', म्हणजे हार्डवेअर ब्रेकपॉइंट, वापरा. साधा ब्रेकपॉइंट मेमरीत इंट-३ या थांबवणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा बाइट लिहितो, आणि त्या जागी खरा कोड नंतर उतरला की तो बाइट पुसला जातो. एक्स८६ वर हार्डवेअर ब्रेकपॉइंट चारच मिळतात, वॉचपॉइंटही (मेमरीतली एखादी किंमत बदलली की थांबणारे) त्यातलेच.

आता खरं दुखणं. ब्रेकपॉइंटवर थांबायचं, 'नेक्स्ट' (पुढच्या ओळीवर जा) म्हणायचं आणि जाऊन पडायचं टायमरच्या इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे सीपीयूचं चालू काम मध्येच अडवून धावणाऱ्या कोडमध्ये! आपण कोड वाचत बसतो तेवढ्यात टायमरची वेळ होऊन इंटरप्ट ताटकळत असतो. एका इन्स्ट्रक्शनसाठी गेस्टला (क्यूएमूतल्या मशीनला) सोडलं की आधी तोच घुसतो. 'फिनिश' करून बाहेर या, पुन्हा 'नेक्स्ट', पुन्हा तेच. बाकीच्यांना ग्राफिक्सचा वेग वगैरे महत्त्वाचा वाटत असेल, मला पुढची ओळ म्हणजे पुढचीच ओळ हवी आहे. 'अ‍ॅडव्हान्स' आणि ओळक्रमांक दिला की भागतं, पण ओळीओळीला आकडे टाइप करायचे म्हणजे डीबगिंग राहिलं बाजूला, हमालीच सुरू. गेस्टला फार वेळ थांबवून ठेवलं तर उठल्यावर तो आरसीयू स्टॉलच्या (सीपीयू अडकल्याच्या इशाऱ्याच्या) नावाने ओरडतो. त्याकडे मी लक्ष देत नाही.

इथवर लिहून झालं होतं आणि या त्रिकुटाला पाचपैकी तीन गुण देणार होतो. मग वैतागून केव्हीएम बंद केलं आणि टीसीजीवर, म्हणजे क्यूएमूच्या सॉफ्टवेअरमधल्या सीपीयूवर, चालवलं. प्रत्येक इन्स्ट्रक्शनचं सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर होतं, त्यामुळे बूट अक्षरशः रांगतं. पण सिंगल-स्टेपच्या (एकेक इन्स्ट्रक्शन चालवण्याच्या) वेळी क्यूएमू इंटरप्ट आणि टायमर आपणहून दाबून धरतो. 'नेक्स्ट' गेलं ते थेट पुढच्या ओळीवर. नव्या कर्नलांमध्ये केव्हीएमलाही इंटरप्ट अडवायची सोय आली आहे, पण त्यासाठी होस्ट (ज्यावर क्यूएमू चालतो ते मशीन) अपग्रेड करावा लागेल, आणि चालत्या मशीनला हात लावायची माझी तयारी नाही.

टीसीजीचा दुसरा लाभ अनपेक्षित होता: रेकॉर्ड-रिप्ले, म्हणजे मशीनमध्ये घडलेलं नोंदवून ते तसंच पुन्हा चालवणं. एकदा रेकॉर्ड केलं की जीडीबीत 'रिव्हर्स-कंटिन्यू' म्हणून मागच्या ब्रेकपॉइंटवर जाता येतं. माझ्या ड्रायव्हरमध्ये एक ऑब्जेक्ट वापरात असतानाच फ्री होत होता, म्हणजे त्याची मेमरी परत केली जात होती. रेफरन्स सोडणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला, क्रॅशपासून उलटा निघालो आणि एरर पाथवरचा एक जादाचा 'पुट' (रेफरन्स सोडणारा कॉल) हाती लागला. प्रिंट टाकून ते सापडत नव्हतं, कारण प्रिंट टाकला की टायमिंग बदलून बग गायब व्हायचा.

कर्नल कंपाइल करताना जीडीबी स्क्रिप्ट्सचा पर्यायही चालू ठेवा. कर्नल पॅनिक होऊन पडला, स्क्रीनवर अर्धाच मजकूर दिसतोय, तरी 'एलएक्स-डीमेसेज' मेमरीतून सगळा लॉग काढून देतं. असलं काही त्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मला कधी दिसलं नाही.

म्हणून तीनाचे चार केले. सध्या दोन स्क्रिप्ट ठेवल्या आहेत, रोजच्या चाचण्यांना केव्हीएम आणि ओळीओळीने बघायचं असेल तेव्हा टीसीजी. रेकॉर्ड करणाऱ्यांनी डिस्क इमेज क्यूकाउ२ (क्यूएमूचा डिस्क-फॉरमॅट) ठेवावी आणि सुरुवातीचा स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्यावा, त्याशिवाय उलटं जाता येत नाही. बग दिसेल एवढंच रेकॉर्ड करा, कारण मागे जाताना क्यूएमू स्नॅपशॉटपासून पुन्हा पुढे चालवत आणतो आणि लांबलचक रेकॉर्डिंगवर एक पाऊल मागे टाकायलाही बराच वेळ लागतो.