कमरेचा पट्टा आणि पालथं झोपायचे व्यायाम: आठ महिन्यांनंतर

गणपतीच्या आधी पाण्याची कळशी उचलताना कमरेत चमक भरली. उसण समजून शेकत बसले. चौथ्या दिवशी कळ डाव्या कुल्ह्यातून पोटरीत उतरली, नुसतं शिंकलं तरी जीव जायचा. एमआरआयमध्ये एल-५ आणि एस-१ या कण्याच्या तळाच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचं निघालं. गोळ्या, पट्टा आणि फिजिओथेरपी लिहून मिळाली.

पट्टा मापाचाच घ्या. माझा पहिला एक नंबर मोठा होता, बसलं की फासळ्यांकडे सरकायचा. सुती कपड्यावरून बांधा, नाहीतर घामोळं उठतं. एसटीच्या धक्क्यांत त्याचा खरंच आधार वाटतो. पण पट्ट्याने गादी जागेवर बसत नाही. ती बसेल या आशेने मी महिनाभर दिवसरात्र बांधून होते. शेवटी फिजिओताईंनी तो सोडायला लावला.

मला गुण आला तो पालथं झोपण्याने. आधी नुसतं पडून राहायचं, मग कोपरांवर, मग तळहात रेटून छाती उचलायची आणि कंबर सैल सोडायची. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची ही पद्धत. दुसऱ्या आठवड्यात पोटरी मोकळी झाली, पण कंबर जास्त दुखायला लागली. मी रडकुंडीला आले, तर ताई म्हणाल्या, "कळ पायातून वर कमरेकडे येतेय ना? हे चांगलं लक्षण आहे." उलट कळ पायात खाली उतरायला लागली तर तो व्यायाम थांबवायचा. सगळ्यांनाच तो मानवत नाही, म्हणून आधी तपासून घ्या.

पोळ्या लाटताना आता एक पाय पाटावर ठेवते, थोड्या वेळाने बदलते. रोज अर्धा तास चालते.

बाहेर आलेला गादीचा भाग बऱ्याचदा शरीर आपोआप शोषून घेतं, बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री शांत झोप लागली असती. मात्र लघवी अडली, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली, तर एक दिवसही थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

आता पट्टा फक्त लांबच्या प्रवासाला बांधते. डाव्या पायाची करंगळी अजून थोडी बधिर आहे, पण गेल्या आठवड्यात खाली मांडी घालून पंगतीत जेवले.