एक्स-रे जनरेटरच्या एईसी बोर्डावर कोणती मेमरी: ईईप्रॉम, फ्लॅश, एफरॅम की बॅटरीवरची एसरॅम?

एईसी म्हणजे पुरेशी किरणे पोचताच एक्सपोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा. तिच्या मेमरीबद्दल चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न "किती केबी?" असा येतो. या कामात तो सर्वांत सोपा प्रश्न आहे. आधी विचारायला हवे ते हे: मेमरीतला आकडा चुकला, तर रुग्णाला किती किरणे जातील?

डिटेक्टरच्या पुढे बसवलेल्या तीन आयन चेंबरचा (किरणे मोजणाऱ्या कप्प्यांचा) सिग्नल साठत जातो. तो ठरलेल्या पातळीला पोचला की एक्सपोजर थांबते. ही पातळी केव्हीनुसार (ट्यूबवरच्या किलोव्होल्टनुसार) बदलते आणि तिचा तक्ता मेमरीत असतो. प्रेपचे (एक्सपोजरआधीच्या तयारीचे) बटण दाबल्यावर, ट्यूबमधला फिरता ॲनोड वेग घेत असताना, तक्त्यातला आकडा डीएसीवर (आकड्याचे व्होल्टेज करणाऱ्या चिपवर) चढतो. प्रत्यक्ष कटऑफ हार्डवेअर कम्पॅरेटरनेच (सिग्नल आणि पातळीची तुलना करणाऱ्या सर्किटने) द्यावा. एक्सपोजर चालू असताना मेमरी वाचावी लागत असेल, तर ती रचनाच चुकली आहे.

आता त्या आकड्याकडे पाहा. कोऱ्या ईईप्रॉममध्ये किंवा फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी डेटा राखणाऱ्या मेमरींत) सगळे बिट 1 असतात, म्हणजे 16 बिटचा आकडा 65535. तोच डीएसीला गेला तर पातळी कमाल होते, कम्पॅरेटर कधीच पलटत नाही आणि एक्सपोजर थेट बॅकअप मर्यादेपर्यंत (एईसी चुकली तरी एक्सपोजर तोडणाऱ्या कमाल मर्यादेपर्यंत) जाते. अमेरिकी नियमांत 51 केव्हीपासून वर ही मर्यादा एका एक्सपोजरला 60 किलोवॅट-सेकंद किंवा 600 एमएएस (मिलिअँपिअर-सेकंद) आहे. छातीचा एक्स-रे उच्च केव्हीवर साधारण 2 ते 4 एमएएसमध्ये होतो. म्हणून बॅकअपही तपासणीनुसार वेगळा ठेवावा. उलट आकडा 0 आला तर एक्सपोजर सुरू होताच तुटते आणि प्रतिमा निकामी होते. दुसरी चूक लगेच दिसते. पहिली डिजिटल पॅनेलवर बऱ्याचदा दिसत नाही, कारण सॉफ्टवेअर प्रतिमा उजळवून घेते. दिसलीच तर ती डीआयमध्ये (डोस लक्ष्यापासून किती हटला ते सांगणाऱ्या डेव्हिएशन इंडेक्समध्ये): +3 म्हणजे जवळपास दुप्पट.

जागेचा हिशेब करू. 40 ते 150 केव्ही, दर 1 केव्हीला 2 बाइट, म्हणजे 222 बाइट. 3 चेंबर, 2 बकी (डिटेक्टर बसवायच्या जागा) आणि 3 संवेदनशीलता धरल्या तर 3996 बाइट. दोन प्रती ठेवल्या तरी 8 केबीच्या आत. 70 केव्हीपर्यंत 5 केव्हीच्या आणि पुढे 10 केव्हीच्या अंतराने 15 बिंदू ठेवून मधले आकडे काढले, तर 540 बाइट पुरतात. खालच्या केव्हीला वक्र जास्त वळतो, म्हणून तिथे बिंदू दाट हवेत. कॅलिब्रेशनलाही 15 बिंदू मोजणे परवडते, 111 नाही.

आय-टू-सी (दोन तारांच्या जोडणीची) ईईप्रॉम (24एलसी256 सारखी, 32 केबी): स्वस्त, सहज मिळणारी, 10 लाख लेखनांची. एक लेखन 5 मिलिसेकंदांपर्यंत चालते. तेवढ्यात वीज गेली तर पान अर्धवट राहते. बोर्ड 50 मिलिअँपिअर घेत असेल आणि 5 व्होल्टचा पुरवठा 3.6 पर्यंत घसरलेला चालत असेल, तर 5 मिलिसेकंदांसाठी सुमारे 180 मायक्रोफॅरड लागतात. वयानुसार कपॅसिटर उतरतो, म्हणून 470 लावावा. दोन दोष वारंवार सापडतात. 64 बाइटच्या पानाची सीमा ओलांडून लिहिले तर उरलेले बाइट त्याच पानाच्या सुरुवातीवर चढतात. आणि ट्यूबमध्ये आर्क (ठिणगी) झाला की एसडीए (डेटाची) लाइन खाली अडकते, तेव्हा 9 क्लॉक देऊन ती सोडवावी लागते.

एसपीआय (चिपजोडणीचा दुसरा, वेगवान प्रकार) नॉर फ्लॅश: तक्त्यासाठी नको. 4 केबीचा सेक्टर पुसायला साधारण 45, कमाल 400 मिलिसेकंद लागतात. फर्मवेअर त्याच चिपमधून चालत असेल तर तेवढा वेळ प्रोसेसर खोळंबतो, आणि कटऑफ सॉफ्टवेअरच्या भरवशावर असेल तर 10 मिलिसेकंदांचे एक्सपोजर 55 चे होऊ शकते. नोंदींसाठी मात्र ती उत्तम. दिवसाला 200 एक्सपोजर, प्रत्येकी 3 नोंदी, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 1,80,000 लेखने. दर वेळी सेक्टर पुसला तर 1 लाख फेऱ्या सात महिन्यांच्या आत संपतील. 32 बाइटच्या नोंदी एकापुढे एक लिहिल्या तर एका सेक्टरात 128 मावतात आणि वर्षाला सुमारे 1,400 वेळाच पुसावे लागते.

बॅटरीवरची एसरॅम: नव्या बोर्डात घेऊ नये. जुन्या जनरेटरमध्ये ती भेटतेच. डीएस1225 सारख्या चिपमध्ये सेल आतच बंद असतो आणि हमी 10 वर्षांची. सेल संपला की पहिल्याच वीजखंडानंतर कॅलिब्रेशन गायब. असे मशीन ताब्यात असेल तर सगळे आकडे आजच कागदावर उतरवून कॅबिनेटच्या दाराला आतून लावा.

एफरॅम (फेरोइलेक्ट्रिक मेमरी; एफएम25व्ही02, 32 केबी): 32 बाइटची नोंद 20 मेगाहर्ट्झवर 14 मायक्रोसेकंदांत पक्की होते, मग थांबणे नाही. वीज जाण्याची भीती जवळपास संपते. सहनशक्ती 10 हजार अब्ज फेऱ्यांच्याही वर. किंमत ईईप्रॉमच्या काही पट. पण ज्या वेगाने ती वाचवते त्याच वेगाने बिघडलेले फर्मवेअर तिला खराबही करते, म्हणून ब्लॉक संरक्षणाचे बिट आणि डब्ल्यूपी (लेखन रोखणारी) पिन वापरा. डेटा सोल्डरिंगनंतरच भरा, रिफ्लोच्या (सोल्डर वितळवण्याच्या) उष्णतेत तो टिकेल याची खात्री नसते. एसपीआयवर पोच मिळत नाही, तेव्हा लिहिल्यावर वाचून पडताळा.

चुंबकीय एमरॅमही वेगवान आहे, पण चुंबकीय क्षेत्राला मर्यादा असते. हाय-व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरलगत बोर्ड असेल तर ती टाळावी.

आमचा कौल असा: कॅलिब्रेशनचा तक्ता ईईप्रॉममध्ये, डब्ल्यूपी पिन सर्व्हिस जंपरला बांधून. तो तक्ता वर्षातून एखाद-दोनदाच लिहिला जातो, तिथे एफरॅमचा वेग वाया जातो. एक्सपोजरचे काउंटर आणि शेवटच्या एक्सपोजरची नोंद एफरॅममध्ये, लांबलचक इतिहास फ्लॅशमध्ये. मोबाइल युनिट असेल, जिथे प्लग कधीही ओढला जातो, तिथे पैसे वाचवू नका, तक्ताही एफरॅममध्येच ठेवा.

चिप कोणतीही असो, तक्त्याच्या दोन प्रती हव्यात, प्रत्येकीला सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) आणि क्रमांक. दुसरी प्रत पहिली वाचून पडताळल्यावरच लिहायची. दोन्ही खराब निघाल्या तर फर्मवेअरने "अंदाजे" आकडे घेऊ नयेत. एईसी बंद, पडद्यावर दोष, हाताने एमएएस देण्याची सोय चालू.

बोर्ड स्वीकारण्याआधी दोन चाचण्या करा. तक्ता सेव्ह होत असताना वेगवेगळ्या क्षणी निदान 200 वेळा वीज तोडा, दर वेळी जुना किंवा नवा, पण पूर्ण तक्ता मिळायला हवा. मग दोन्ही प्रतींतला एकेक बाइट मुद्दाम बिघडवा, एईसी निवडा आणि प्रेप दाबा. रोटर (ॲनोड फिरवणारा भाग) फिरू लागला तर बोर्ड परत पाठवा.